टाळूला तेल

खोबरेल कढवलं की तेच आठवतं. हे पलटणीत लढाईची लोखंडी गाडी, टँक, चालवायला निघाले होते नि मामंजी, मागच्या लढाईत फ्रान्सला हमालीला जाऊन आलेले, ह्यांना समजावत होते, नि मी बाजूला बसून तान्ह्याची टाळू तेलाने भरत होते. "पुढनं पत्रा जाड, गोळी घसरते. म्हणून विमान पाठीमागनं खाली येतं नि डोक्यावर मारतं. तिथं पत्रा पातळ, ह्या पोराच्या टाळूसारखा." माझा हात थांबला. "मग वरनं जाड का नाय करीत?" "सगळीकडनं जाड केला तर जड होऊन चालेल कसा, सूनबाई?" मी उठले नि मामंजींच्या देखत ह्यांच्या डोक्यावर ओंजळभर तेल थापलं. "मी काय तान्हा?" हे म्हणाले, पण मान खालीच ठेवली. मामंजी दुसरीकडे बघत बसले. पोराची टाळू आता कठीण झाली आहे, हे अजून पलटणीतच आहेत.