बकरीच्या खुराची पणजी

माझ्या नवऱ्याच्या मामांइतका खानदानी माणूस इथे परदेशात, अख्ख्या ब्लॅकटाउन उपनगरात झाला नाही, आणि हे ब्लॅकटाउनला कळावं म्हणून मामांनी निम्मं आयुष्य खर्ची घातलं. मूळचे वसईचे, आडनाव लोपीस, रेल्वेत सिग्नल इंजिनिअर; पण ओळख करून देताना म्हणायचे, "आम्ही स्पेनचे. बिस्केचे सरदार, हारो घराणं." समोरचा प्लंबर "नो वरीज, मेट" म्हणत सिंकखाली शिरला, तरी गोष्ट त्याच्या पायांना ऐकवली जायची. लोपेझ नावाचा सरदार रानडुकराच्या शिकारीला गेला, तर कड्यावर एक सुंदर बाई गात बसलेली. तिचा एक पाय बकरीचा. सरदार म्हणाला, असू दे, लग्न कर. ती म्हणाली, करते, पण माझ्यासमोर कधी क्रुसाची खूण करायची नाही. दोन मुलं झाली. मग एकदा जेवताना कुत्र्यांची झुंज बघून सरदाराचा हात चुकून कपाळाला गेला, आणि बाई मुलीला घेऊन खिडकीतून उडाली. मुलगा तेवढा मागे राहिला. "त्या मुलाचे आम्ही!"

म्हणून मामा जेवणाआधी क्रूस करायचे नाहीत. मामी मात्र मुद्दाम चांगला मोठा करायच्या आणि म्हणायच्या, "बघा, उडाले का मी? भात घ्या." मामांचा डावा पाय कुठल्याच बुटात धड बसत नसे, दुकानातली पोरगी ओशाळायची, मामा खूश.

मग युनिव्हर्सिटीत जेनेटिक्स शिकणाऱ्या नातीने त्यांच्या लाळेची चाचणी करवली. "सॉरी, आजोबा. झीरो स्पेन. इट्स ऑल कोकण."

मामा चहा ढवळत म्हणाले, "बकरीचा पाय दिसला का त्यात? नाही ना? मग मशीन बिघडलंय." हसून हसून मामींच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच संध्याकाळी मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढताना मामा हळूच मला म्हणाले, "मला माहीत होतं गं. आमच्यातल्या कुणाला तरी पाद्र्याने हे आडनाव दिलं, आणि आधीचं सगळं पुसलं गेलं. आजाच्या आजाचं नाव विचार, कुणी सांगणार नाही. नुसतं आडनाव घेऊन इतक्या लांब आलो. फार एकटं वाटायचं. म्हणून त्याला एक गोष्ट जोडून दिली."

पुढे मामी गेल्या आणि मुलीने मामांना लांब टूवूंबाला आपल्या घरी नेलं. मी रविवारी फोन करते. हल्ली ते बोलत नाहीत, ऐकतात. परवा बराच वेळ ऐकून त्यांनी विचारलं, "तू कुणाची गं?"

"तुमचीच, मामा."

"असं होय," ते म्हणाले. "मग बोल."