टपावरची छत्री

मी सहलीवाल्यांची झोपायची गाडी चालवतो, राहतोही तिच्यातच. त्या दिवशी चार वाजता टीव्हीवर बहिणीचा कबड्डीचा सामना होता. गावचं घर लांब, आणि गाडीतल्या टीव्हीला चित्र येईना. डिशला सगळे छत्रीच म्हणतात, म्हणून रोह्यात ‘छत्री दुरुस्ती’ची पाटी दिसताच धावलो.

“काका, गाडीच्या टपावर कुठली छत्री बसेल?”

काकांनी तोंडातली तार काढली. “वारा लागतो? मग आठ काडीची घे.”

“सिग्नल येईल ना?”

“सिग्नल येवो नायतर घाट येवो, उलटी होणार नाय.”

ते पावसाच्या छत्रीचं सांगतायत हे कळलं आणि बहिणीच्या सामन्याचं सांगता सांगता मला रडूच आलं. काका हसले नाहीत. त्यांनी मला डिशवाल्याकडे नेलं. डिश मिळाली, पण बसवणारा उद्या येणार होता, तेव्हा काका स्वतःच ती धरून गाडीच्या टपावर उभे राहिले. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

“जिंकली का रं?” वरून आवाज आला.

“हरली, काका.”

“थांब, जरा फिरवून बघतो.”