जुईची स्कूटर आणि माझा अंगठा

हसायचं नाही असं कबूल करा, मगच सांगते. अंगठा अजून ठणकतोय माझा.

माझ्या बहिणीची जुई, वय वर्षं सात, मे महिन्यात पनवेलहून आमच्याकडे श्रीवर्धनला आली. सोबत ती पायाने ढकलायची स्कूटर. परतीच्या एसटीत चढता चढता बहिणीने बजावलं, "ताई, मागच्या खेपेला हनुवटीला टाके पडलेत हिच्या. तुझ्या भरवशावर सोडून चाललेय."

"जा गं बिनघोर. एक ओरखडा येऊ देणार नाही." कशाला बोलले मी!

दुसऱ्याच दुपारी बांगडे तळत होते, तर मागच्या अंगणात धाडकन आवाज. वळून बघते तो दारात जुई. हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत लालभडक, फ्रॉकवरून थेंब ठिबकतायत. आणि डोळ्यांत पाणी नाही हो. ओठ घट्ट मिटलेले.

तिला उचललं आणि तशीच अनवाणी पळत सुटले. पायरीवर ती मेली स्कूटर आडवी पडली होती, तिला ठेचकाळले, पण थांबतेय कोण?

रिक्षावाले रफीकभाई हबकलेच. "या अल्ला, काकू, पोर रडत कशी न्हाय?"

"शूर आहे हो ती," असं म्हणून मीच रडायला लागले.

दवाखान्यातली रांग आपोआप बाजूला झाली. एवढं रक्त, आणि पोरीचं हूं नाही की चूं नाही. सगळे तोंडात बोट घालून बघत होते. डॉक्टरांनी ओल्या कापसाने गुडघा पुसला, कापूस हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं.

"काकू, यंदा कोकमं बरीच घातलीत वाटतं."

अंगणात मीठ घालून ठेवलेलं आगळाचं, कोकमाच्या रसाचं घमेलं डोळ्यांपुढे आलं. जन्मभर कोकमं फोडली मी, पाऊस लागेपर्यंत हातांचा लाल रंग जात नाही माझ्या, आणि घरचं आगळ ओळखता येऊ नये?

"मी सगळं सांडलं, मावशी," जुईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "तू ओरडशील म्हणून गप्प होते."

"पण गुडघे खरंच सोललेत हिचे," डॉक्टर म्हणाले. "त्यावर हे आंबट आणि मीठ. मोठा माणूस गुरासारखा ओरडला असता."

एवढीशी पोर, माझ्या घमेल्यापायी उघड्या जखमेवर मीठ सोसून बसली होती. हात जोडावेसे वाटले मला. "सांडू दे गं बाय," म्हणत तिला कुशीत घेतलं.

"मग हे रक्त कोणाचं?" डॉक्टर जमिनीकडे बघत होते.

दारापासून टेबलापर्यंत माझ्याच पावलांचे लाल ठसे. अंगठ्याचं नख उचकटून लोंबत होतं. बघितलं आणि दुखायला लागलं. सुई दिसल्यावर मी जी बोंब ठोकली, ती म्हणे एसटी स्टँडवर ऐकू गेली. जुईने माझा हात धरून ठेवला होता.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. जुईनेच उचलला.

"आई, मावशीला स्कूटर लागली. वर न चढताच. टोचून घेताना किती रडली. पण तू काळजी करू नको, मी आहे ना तिच्याजवळ."