मधल्या मशीनचं उत्तर

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचते. आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत कुणाची स्कूटर दोनदा पंक्चर झाली तरी लिंबू-मिरची बांधतात. त्यांना मी तोंडावर बोललेली आहे. आत्मा-बित्मा, भूत-पिशाच... अजिबात विश्वास नाही. नव्हता म्हणू की नाही म्हणू, ते वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

मी जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. माझा विषय रुक्ष आहे — पुष्कळ कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे कसे आणि एकाचा निरोप दुसऱ्याकडे कुठल्या वाटेने न्यायचा. यातच योगेश माझ्याकडे पीएचडी करत होता. एरंडोलजवळच्या खेड्यातला, कपाशी लावणाऱ्या घरातला. बोलायला कमी आणि हट्टाला पक्का. कॉलेजने भंगारात काढलेली मशीनं त्याने मागून घेतली, जुन्या लॅबमध्ये ओळीने मांडली आणि केबलने जोडली. प्रत्येक मशीन फक्त शेजारच्यांशी बोलणार, निरोप हातोहात पुढे जाणार. एक मशीन कमी पडलं, तर पठ्ठ्याने घरचा कॉम्प्युटर मोटारसायकलवर बांधून आणला आणि बरोबर मध्ये ठेवला.

त्याच्या संशोधनाचा प्रश्न साधा होता. एखादं मशीन उत्तर देईना, तर ते मेलं असं शेजाऱ्यांनी कधी धरायचं? बंद पडलेलं आणि नुसतं हळू झालेलं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. सगळे जण थोडा वेळ वाट बघून ते मेलं ठरवतात आणि निरोप दुसरीकडून वळवतात. योगेशला ही घाई पटत नसे. तो म्हणायचा, एकदा मेलं म्हटलं की शेजारी त्याला परत विचारतच नाहीत, मग ते जिवंत असलं तरी कळणार कुणाला? मी म्हणायचे, अरे, एकाची वाट बघत बसलास तर बाकी सगळे खोळंबतील. यावरून आमचे खटके उडायचे. मी गाईड, त्यामुळे शेवटचा शब्द माझा.

मागच्या पावसाळ्यात गिरणेला पूर होता. संध्याकाळी तो घरी जायला निघाला तो पोहोचलाच नाही. मोटारसायकल पुलाच्या अलीकडे नीट स्टँडवर लावलेली, डबा हँडलला अडकवलेला. पाय घसरला, कुणाला वाचवायला उतरला, की... कुणालाच कळलं नाही. पोहणारे थकले, पोलीस थकले. गिरणेने काही परत दिलं नाही. त्याचे वडील — सगळे त्यांना आबा म्हणतात — येऊन त्याचा कॉम्प्युटर घरी घेऊन गेले.

उन्हाळ्यात, निदान त्याच्या नावाने हे काम पुरं करावं म्हणून मी लॅब उघडली. मधली जागा रिकामी होती. तिच्याकडे येणाऱ्या केबल टेबलावर मोकळ्या पडलेल्या. मी बाकीची मशीनं चालू केली. स्क्रीनवर मधली जागा लाल, म्हणजे बंद, दिसायला हवी होती. ती हिरवी होती.

शेजारची मशीनं विचारत होती आणि उत्तर येत होतं. फार उशिरा येत होतं, माझा नियम लावला असता तर ते केव्हाच मेलेलं ठरलं असतं. पण येत होतं.

मी घाबरले नाही, वैतागले. जुनी माहिती कुठेतरी अडकली असेल म्हणून सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. मग सगळं पुसून नव्याने भरलं. त्या मोकळ्या केबल काढून कपाटात टाकल्या. आमच्या डिपार्टमेंटच्या एका सरांना दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, रिकाम्या टेबलाकडे बघितलं आणि तास आहे म्हणून निघून गेले. आबांना फोन करून विचारलं, तर कॉम्प्युटर घरी चादरीत गुंडाळून ठेवलेला, योगेशची आई त्याला कुणाला हातही लावू देत नव्हती.

मी हे का विचारलं ते आबांनी ओळखलं असावं. दोन दिवसांनी दुपारच्या उन्हात ते एसटीने आले. आमच्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांसाठी पाण्याने घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, सांजोरीचा नैवेद्य दाखवतात. वर्षात घरातलं कुणी गेलं असेल तर त्याची पहिली घागर. आखाजी तोंडावर आली होती. भाऊबंद म्हणत होते भरा, आणि योगेशची आई म्हणत होती, माझा पोरगा गेलेला नाही, खबरदार कुणी घागर आणली तर. घरात चूल दोन-दोन दिवस पेटत नव्हती.

मी त्यांना स्क्रीन दाखवली. नको होती दाखवायला, पण खोटं कसं बोलणार? ते बराच वेळ त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत बसले.

"मॅडम," ते म्हणाले, "तो गया व्हई, त तान्हेला शे. पानी देनं पडी. आनि गया नही व्हई..." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही शिकेल मानसं. घागर भरानी का नही, तेवढं सांगा."

मी शिकलेलं माणूस. मी म्हणाले, "आबा, हा मशीनचा बिघाड आहे. याला काही अर्थ नाही. घागर भरा."

आखाजीला मी त्यांच्या घरी गेले. गल्लीत झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. आतल्या खोलीत योगेशची आई कोरी घागर मांडीवर घेऊन बसलेली. आबांनी तिला सांगितलं की मॅडमनी भरा म्हटलंय. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. ती उठली आणि तिने स्वतःच्या हाताने, तांब्या-तांब्याने घागर भरली. रडली नाही. मीच रडले.

सुट्टीनंतर लॅब उघडली. किल्ली माझ्याचकडे होती, आत कुणी गेलेलं नव्हतं, मशीनं तशीच चालू होती. मधली जागा लाल होती आणि शेवटचं उत्तर आल्याची नोंद आखाजीच्या दिवसाची होती. शेजाऱ्यांनी तिला विचारणं बंद केलं होतं आणि सगळे निरोप तिला वळसा घालून व्यवस्थित जात होते. पुन्हा चालू करून बघितलं, केबल परत लावून बघितल्या. वेड्यासारखी योगेशच्या खुर्चीत बसून वाट बघत राहिले. काही आलं नाही, आजवर आलेलं नाही.

बिघाड होता म्हणावं, तर तो नेमका आखाजीलाच कसा दुरुस्त झाला? आणि बिघाड नव्हता म्हणावं, तर मी त्या माणसांना काय करायला सांगितलं? मला याचं उत्तर सापडलेलं नाही आणि सापडेल अशी आशाही राहिलेली नाही. योगेशचं संशोधन तिथेच थांबलं आहे.

पावसाळा लागायच्या आधी त्याच्या आईचा फोन आला. तिने मला कधीच फोन केला नव्हता.

"मॅडम, जवाब येस का अजून?" हिरव्या ठिपक्याचं आबांनी तिला सांगितलं असावं.

मी म्हणाले, "नाही. आखाजीपासून येत नाही."

ती अगदी शांतपणे म्हणाली, "मंग आखाजीपर्यंत व्हता तो."