खंडेनवमीचा बोल्ट

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळींत रेणू देशकरचं नाव काढलं की लोक आधी हसतात. नागपूरची बाई, नोकरी सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा पगार, आणि सुट्टीच्या दिवशी बघावं तर गाडीखाली उताणी! हसा खुशाल. ती गाडी तिच्याकडे कशी आली हे ठाऊक असतं, तर तुम्हीही हसला नसतात.

वीसेक वर्षांपूर्वी रेणू इथे नवी होती. ड्रायव्हिंग येत नव्हतं, दिवस भरत आले होते, नवरा कुमार कामासाठी शिकागोला आणि बाहेर गुडघाभर बर्फ. कळा सुरू झाल्या तेव्हा तिने शेजारचं दार वाजवलं. तिथे आयरीन आणि वॉल्ट हे वयस्क जोडपं राहायचं. त्यांची रोजची गाडी थंडीने सुरूच होईना, म्हणून वॉल्टने गॅरेजातली हौसेची जुनी गाडी बाहेर काढली. आयरीन मागे रेणूचा हात धरून बसली. वॉल्टने गाडी मुंगीच्या पावलाने चालवली. रेणूने त्याला वाटेत मराठीतून काय काय म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पोचले, आणि अनिका सुखरूप जन्मली.

आई आणि सासू, दोघींचाही व्हिसा वेळेत झाला नाही. बाळंतपण आयरीननेच केलं म्हणा ना. डिंकाचे लाडू तिला कुठले माहीत! पण शाकाहारी बाळंतिणीसाठी ती रोज वाटाण्याचं सूप आणायची. अनिका तिला आजीच म्हणते, आणि ते काही उगाच नाही.

वॉल्ट गेला आणि गाडी धूळ खात पडली. आयरीनने ती रेणूला देऊन टाकली. यंदा आयरीनचं कायमचं ॲरिझोनाला, मुलाकडे जायचं ठरलं, नेमकं दसऱ्याला. रेणूने शब्द दिला, विमानतळावर मी तुला त्याच गाडीतून सोडणार.

त्यासाठी तिने गाडीचं सस्पेन्शन, म्हणजे चाकांना गाडीशी धरून ठेवणारा सगळा सांगाडा, उघडून नवा केला. अशा बोल्टची ताकद त्याच्या डोक्यावरच कळते. उठावाच्या तीन रेघा असल्या तर मध्यम, सहा असल्या तर दणकट, आणि कोरं डोकं म्हणजे किरकोळ कामाचा. रेणू भिंग घेऊन एकेक जुना बोल्ट बघायची आणि तशाच रेघांचा नवा आणायची. सोडला तो फक्त एक, उजव्या चाकामागचा. त्यावर काळा रंग जाड बसला होता आणि तो धडधाकट दिसत होता. चांगली वस्तू टाकवत नाही, हा आपला जुनाच रोग.

खंडेनवमीला तिने गॅरेजातच पूजा मांडली. बोल्ट आवळायचे पाने, जॅक, हातोडी, सगळ्यांना हळदकुंकू झालं. मग उत्साहाच्या भरात बाईसाहेब गाडीखाली शिरल्या आणि बोल्टनाही कुंकू लावू लागल्या. ओलं बोट फिरलं की रेघा लालचुटूक उमटत. काळ्या बोल्टवर मात्र नुसता लाल ठिपका. तिने सुरीने रंग खरवडला. खालीही कोरंच! गाडीच्या माहितीपुस्तकात त्या जागी सहा रेघांचा बोल्ट सांगितला होता. रेणूची पाचावर धारण बसली.

कुमार म्हणाला, विमानतळ तो कितीसा लांब, यार? हळू घेऊन जा, परवा बदल.

“गाडीत आयरीन बसणार आहे,” रेणू म्हणाली. विषय संपला.

दुकान गाठलं, सहा रेघांचा आणला, पुस्तकात दिल्याप्रमाणे आवळला. संध्याकाळी आयरीन आली. पूजेच्या ताटात कुंकू माखलेला तो कोरा बोल्ट होता. रेणूने सगळी हकीकत सांगितली. आयरीनने बोल्ट उचलला आणि त्यावरचं कुंकू अंगठ्याने पुसलं.

मग तिने सांगितलं. तो वॉल्टनेच घातला होता. अनिका जन्मली त्याच हिवाळ्यात मूळचा बोल्ट तुटला, हाताशी होता तो त्याने तात्पुरता बसवला. उन्हाळ्यात बदलतो म्हणाला आणि विसरला; आयरीनला वाटलं, बदलला असेल. गाडी तोवर बाहेर काढायची नाही, असंच ठरलं होतं.

“आणि तू दार वाजवलंस,” आयरीन म्हणाली. “वाटभर तो घाबरलेला होता. म्हणून इतकी हळू चालवत होता.”

रेणू तिथेच स्टुलावर बसली. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती, एवढंच तिच्या मनात आलं. ज्या माणसाला तिने वाटेत शिव्या घातल्या, तो सगळं माहीत असून निघाला होता. त्याचे आभार मानायचेच राहून गेले होते. तिने आयरीनचे दोन्ही हात धरले आणि मनसोक्त रडली.

दसऱ्याला गाडी निघाली. आयरीन पुढे, अनिका मागे, कुमार सामान घेऊन दुसऱ्या गाडीत. रेणू मुंगीच्या पावलाने चालवत होती आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

“आता बोल्ट नवा आहे ना?” आयरीनने विचारलं. “मग जरा जोरात घे की.”

रेणूने हो म्हणून मान हलवली आणि तशीच हळू चालवत राहिली.