कानामागची लाल पेन्सिल

शॉट संपला की आप्पा डोक्यावरची टोपी काढून हातात घ्यायचे, सरळ माझ्यापाशी यायचे आणि हळूच विचारायचे, "हसली का मानसं?"

आता तुम्हीच सांगा. लाईटवाले पोट धरून हसतायत, चहावाल्याच्या हातातली किटली हिंदकळतेय आणि हा माणूस मला विचारतोय, हसली का! मला वाटायचं, कौतुक ऐकायची हौस. नटच शेवटी. मी म्हणायचो, "हसली की, आप्पा." मग टोपी डोक्यावर ठेवून ते पुढच्या शॉटला जायचे.

आप्पा सिनेमातले विनोदी नट. नाव सांगत नाही. पण तुमच्यातल्या चाळिशीपुढच्यांनी त्यांना पडद्यावर धोतर सावरत पळताना नक्की पाहिलंय. मूळचे चंदगडकडचे. कलापथकातून कोल्हापुरात आले आणि गर्दीत उभं राहायचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी बैल उधळला, तसे हे खरोखर घाबरून हिरोच्या पाठीवर चढले. दिग्दर्शकानं तो तुकडा ठेवला. तिथून पुढं तीस वर्षं आप्पा घाबरतच राहिले. हवालदाराला, भुताला, सासूला. "खोटं भ्यालास तर कोन बी हसत न्हाय," म्हणायचे. "भ्या खरं लागतंय."

मी मुरगूडचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, हे मी आजही छाती काढून सांगतो. नव्वदच्या दशकात बी.ए. झालो, नोकरी मिळेना. अक्षर चांगलं म्हणून एका सिनेमावाल्यानं कंटिन्युइटी लिहायला घेतलं. म्हणजे मागच्या शॉटला कुणाची बाही दुमडलेली होती, टोपी कुठल्या बाजूला कलली होती, कोण काय बोलून थांबलं, हे सगळं वहीत उतरवायचं. आप्पा मला नावानं हाक मारत नसत. "ओ बीए!" असं ओरडायचे, अख्ख्या युनिटला ऐकू जाईल असं. मला बरं वाटायचं.

ते एवढे का ओरडायचे, ते नंतर कळलं.

पन्हाळ्यावर शूटिंग होतं. आप्पा रस्त्याच्या मधोमध उभं राहून संवाद पुटपुटत होते. मागनं सामानाची जीप रिव्हर्समध्ये येत होती. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला, आम्ही चौघं बोंबललो. आप्पा हलेनात. मी पळत गेलो, धोतराचा सोगा धरून ओढलं आणि दोघंही कठड्याशी आपटलो. जीप हातभर अंतरावरनं गेली.

युनिटवाले हसायला लागले. "अवो आप्पा, जीपला तरी भ्या की!"

आप्पांनी माझं मनगट धरलं होतं. हात गार पडलेला. ते माझ्या डोळ्यांकडं बघत नव्हते. ओठांकडं बघत होते.

"आप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही."

"हळू बोल. दोन वर्सं झाली. घरात ठावं हाय, हितं कुनाला न्हाय." त्यांची पकड घट्ट झाली. "बहिऱ्या नटाला कोन काम देतंय, बीए? सांगशील काय कुनाला?"

"न्हाय सांगत, आप्पा!" भीतीनं माझं कॉलेज गळून पडलं, गावची बोली तेवढी उरली.

त्यांनी मान वळवून युनिटकडं पाहिलं. "ती मानसं हसत्यात न्हवं?"

"हसत्यात."

"मग बरं," म्हणाले आणि धोतर झटकून उठले.

त्या दिवसापासून ती भीती आम्ही दोघांनी वाटून घेतली. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरनं वाचायचे. समोरचा पाठमोरा असला की मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहायचो. माझ्या कानामागं लाल पेन्सिल असायची. ती मी खाली घेतली की आप्पांनी बोलायचं. बस, एवढंच. पण सकाळी सेटवर पाय ठेवला की हात आधी कानामागं जायचा. पेन्सिल लवकर निघाली तर? कानामागं खाज सुटली तर? माझ्या एका चुकीनं एका माणसाचं सगळं आयुष्य उघडं पडणार होतं. बी.ए.च्या परीक्षेला मी इतका भ्यालो नव्हतो.

डबिंगला तर अंधारी बंद खोली. संवादाचा कागद धरायच्या निमित्तानं मी त्यांच्या मागं उभा राहायचो आणि बोलायची वेळ आली की पाठीवर बोट टेकायचो. साउंडवाला एकदा म्हणाला, "काय रं बीए, आप्पा पडाय लागलेत काय, टेकू दिल्यागत उभा हाईस?" आप्पांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. वळून माझं तोंड बघितलं आणि जोरात हसले. सगळे हसले. मी घाम पुसला.

सगळ्यात वाईट दिवस मिशीचा. पाटलाच्या भूमिकेतल्या नटाला अशी दांडगी मिशी चिकटवली होती की खालचा ओठसुद्धा झाकला. आप्पांनी एकदा मिशीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मी पेन्सिल चाचपली. तेवढ्यात कॅमेरामन खेकसला, "ओ बीए, सावली पडतीया तुमची. मागं व्हा!" मी मागं गेलो, थेट खांबाआड. तिथनं मला आप्पा दिसत होते, त्यांना पेन्सिल दिसत नव्हती.

कॅमेरा सुरू झाला. पाटील बोलला. मिशी हलली आणि थांबली. आप्पा उभे. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती खरी आहे, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं. दिग्दर्शकाचा हात वर गेला. आता 'कट' म्हणणार, आणि मग विचारणार, आप्पा, झालं काय? मी डोळे मिटले.

चर्रर्र असा आवाज आला. डोळे उघडले तर पाटलाची मिशी आप्पांच्या मुठीत!

"आता बोला पाटील," आप्पा म्हणाले. "मगाधरनं मिशीच बोलतीया."

अख्खा सेट हसून लोळला. पाटील ओठ चोळत बसला. दिग्दर्शक नाचत होता, "ठेवा ठेवा, त्येच ठेवा!" थिएटरातही त्याच जागी लोकांनी खुर्च्या बडवल्या. आणि मग काय झालं असेल? पुढच्या प्रत्येक सिनेमात आप्पांसमोर मिशीवाला उभा केला. पब्लिकला तेच पाहिजे होतं.

नवा सिनेमा लागला की पहिल्या खेळाला आप्पा मला घेऊन मागच्या रांगेत बसायचे. माझा हात हातात घ्यायचे. लोक हसले की मी दाबायचा. मग त्यांच्या तोंडावर जे यायचं ते पडद्यावर कधी आलं नाही.

पुढं घरोघरी केबल आली, थिएटरं ओस पडली. त्यांचा शेवटचा सिनेमा लागला तेव्हा आत मोजून वीसेक माणसं. पहिला विनोद झाला. कुणी हसलं नाही. मी हात दाबला. दुसऱ्यालाही दाबला. माझ्या तळव्याला घाम सुटला होता आणि तो त्यांना कळत होता.

आप्पांनी हात सोडवून घेतला. उठले आणि अंधारात सरळ पुढं निघाले. पडद्याखाली जाऊन लोकांकडं तोंड करून उभे राहिले. चेहरे बघायला.

"ओ पावणं, खाली बसा की!" "बाजूला सर म्हातार्‍या!" लोक ओरडायला लागले. आप्पांना कुठलं ऐकू यायला? एकजण तावातावानं उठला. मी खुर्च्यांना ठेचकाळत पुढं धावलो. आता हे मार खाणार, असं वाटलं. तेवढ्यात डोअरकीपरनं बॅटरी मारली, थेट आप्पांच्या तोंडावर.

वर पडद्यावर भुताला भ्यालेला भला मोठा आप्पा. खाली उजेडात भ्यालेला, हात जोडलेला लहानसा आप्पा. तोच चेहरा.

आधी पुढच्या रांगेतली एक बाई हसली. मग सगळं थिएटर. उठलेला माणूस हसत हसत खाली बसला. "आयला, ह्ये तर त्येच की!"

आप्पांनी माझ्याकडं बघून ओठ हलवले. हसली का?

मी मान हलवली. त्या दिवशीचा तेवढाच खरा होकार.

त्यानंतर त्यांनी काम घेतलं नाही. काही वर्षांनी निरोप आला तेव्हा मी सेटवरनं तसाच त्यांच्या घरी गेलो. आप्पांना अंगणात ठेवलं होतं. माणसं मोठमोठ्यानं त्यांनी मिशी उपटल्याच्या गोष्टी सांगत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि कानामागची पेन्सिल कधी खाली घेतली, माझं मलाच कळलं नाही.

आप्पा बोलायची वाट बघत मी तसाच उभा होतो.