रुमालाखालचा हात

मुलांनो, परवा फोनवर तुमच्यातल्या थोरलीनं सांगितलं की तिला माल विकायची, फिरतीची नोकरी लागली. लगेच तिनं विचारलं, "आजी, आपल्या घरात असलं काम करणारी मी पहिलीच ना?" मी बोलायच्या आत तुमचे बाबा मागून "हो" म्हणाले. मी गप्प बसले. गप्प बसायची सवय जुनी आहे, पण या बाबतीत आता पुरे झाली, म्हणून लिहिते आहे.

पहिली ती नव्हे. मी होते.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. पुण्याहून बी.ए. होऊन मी नळदुर्गला परतले होते. सोलापूरच्या एका शिलाई मशीनच्या दुकानाला बाई हवी होती, कारण आमच्या भागातल्या खात्यापित्या घरांत परका पुरुष माजघरापर्यंत जाऊ शकत नसे, आणि मशीनची हौस तर माजघरातच. अट एकच होती. तीन महिन्यांत एक तरी मशीन स्वतः विकायचं, तर नोकरी कायम. नाहीतर घरी, आणि घरी म्हणजे लग्न. वडिलांनी तसं बजावलंच होतं.

सोबतीला दुकानाचा एक पोक्त विक्रेता असायचा. तो ओसरीवर पान खात बसे आणि मी आत मशीन चालवून दाखवी. दोन महिने लोकांनी चहा पाजला, कौतुक केलं आणि वाटेला लावलं.

मग उमरग्याला एका आडत्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अक्का, सरका बघू." मांजरपाटाच्या पट्टीवर मी घातलेल्या टिपेखाली तिनं आपली टीप मारली. ती सापासारखी वाकडी गेली, तरी बाई हरखली. पट्टी कापून तिनं माझ्या हातात ठेवली आणि ओसरीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे मशीन आता मी सोडत न्हाय."

मी ओसरीवर आले, तसा आडत्या मला म्हणाला, "घ्यायला हरकत न्हाय, बाई. पण आमच्यात भाव तोंडानं होत न्हाय." आणि त्यानं मांडीवर रुमाल पसरला. बैलबाजाराची ती रीत. दोघांनी रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, तिसऱ्याला कळू द्यायचा नाही. मी परक्या पुरुषाचा हात धरणार नाही हे त्याला ठाऊक होतं. ओसरीवरची माणसं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. माझा सोबती हात पुसत पुढं सरकला.

"तुम्ही बसा हो," आडत्याची बायको उंबऱ्यावर येऊन सोबत्याला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "अक्का, आकडा माझ्या कानात सांगा. यांचा हात धरायला मला कुणाची चोरी हाय?"

"आप्पा, घरातच दलाल निघाला की," आडत्याचा मुनीम म्हणाला.

"लई तयारीचा दलाल!" आडत्या हसला. "अगं, बोटं हळू दाब."

रुमाल हलला, थांबला, पुन्हा हलला. दुकानानं सांगितलेल्या किमतीतच सौदा झाला. घरी येईपर्यंत मी मनात नोकरी कायम करून टाकली होती.

पुढच्या आठवड्यात आडत्या नवं मशीन न्यायला सोलापूरला दुकानात आला, तेव्हा मीही तिथं होते. तोवर माझ्या सोबत्यानं सौदा आपण केला असं मालकांना सांगून ठेवलं होतं. मी खरं सांगितलं, तर मालक म्हणाले, "रुमालाखाली बायकोचा हात? उमरग्यात?" कारकून हसले.

"हे समोरच बसलेत, त्यांनाच विचारा," मी म्हणाले. मला खात्री होती.

आडत्याशेजारी सोलापूरचे दोन व्यापारी बसले होते, त्याच्या रोजच्या व्यवहारातले. स्वतःच्या ओसरीवर जी गंमत होती, तिची त्यांच्यापुढं त्याला लाज वाटली. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "तुमच्या माणसाशीच झाला की."

रुमालाखाली काय झालं हे त्या नवराबायकोलाच ठाऊक. ओसरीवर ज्यांनी पाहिलं ती त्याची चाकरमाणसं. मी कुणाची साक्ष काढणार होते?

कमिशन सोबत्याला मिळालं. माझी मुदत संपली आणि उन्हाळ्यात लग्न झालं. तुमचे आजोबा भले होते, पण तेही चारचौघांत सांगत, "हिनं थोडे दिवस शिवणकाम शिकवलं." लोक म्हणतात, काळच तसा होता. त्या दुकानात काळ बोलला नाही. एक माणूस बोलला, आणि खरं काय ते ठाऊक असून बोलला.

मांजरपाटाची ती पट्टी माझ्या कपाटात आहे. वरची सरळ टीप माझी, खालची वाकडी तिची. दोन्ही अजून उसवलेल्या नाहीत.